हात धरायचा, चोर म्हणायचं नाही

बांगडीच्या दुकानात दोन गोष्टींना कधी तोटा नसतो. काचांना आणि किस्स्यांना! काचा निदान झाडून टोपलीत भरता येतात. किस्से कुठं भरणार? चार बायका बसल्या, एकीनं हात पुढं केला, की दुसरीला काहीतरी आठवतं आणि तिसरी म्हणते, "हे तर काहीच न्हाई, माजं ऐका!" असे माझ्याकडं आयुष्यभराचे साठलेत. आज फक्त चोरीचे सांगते. म्हणजे आमच्या दुकानातून बायका बांगड्या कशा उचलायच्या आणि आम्ही त्यांना कसं अडवायचो, ते.

काळ निजामाचा. बीडच्या बाजारात माझ्या सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा, म्हणून मीही मनातल्या मनात तात्याच म्हणायचे. तोंडावर मामंजी. दुकानात बसायचे तात्या, सासूबाई आणि मी. आमचे हे महिन्यातले पंधरा दिवस माल आणायला हैदराबादला.

आता माझा नातू तेच दुकान चालवतो. काचेची शोकेस, तिला कुलूप, पुढं कौंटर. आमच्या वेळी सगळा माल उघडा. भिंतीवर खुंट्यांना बांगड्यांच्या माळा, खाली सतरंजीवर ढीग आणि ढिगाभोवती वीस बायका. पदर मोठे, ओचे मोठे. त्यात काय शिरेल आणि काय नाही!

आणि वर तात्यांचा नियम. काहीही झालं तरी बाईला चोर म्हणायचं नाही. मी नवी सून, मला हे काही पटेना. एकदा धीर करून विचारलंच.

तात्या म्हणाले, "पोरी, भर बाजारात परक्या बाईचा हात हातात घेणारा माणूस एकच, कासार. तिचा नवरा बाजूला उभा ऱ्हातो अन् काही म्हणत न्हाई. कावून? भरोसा हाय म्हणून. आज एकीला चोर म्हणलं, की उद्या दुसरी हात पुढं करत न्हाई. मग दुकान कशाचं चालवायचं?"

म्हणजे चोरी थांबवायची, पण चोर पकडायचा नाही! आता बोला!

*

नेकनूरच्या एक पाटलीणबाई होत्या. घरचं भरलेलं, गाडी-बैल, गडीमाणसं, सगळं. पण दुकानात आल्या की हात शिवशिवायचे. एकदा त्यांनी एक अख्खी माळ ओच्यात सारली. मी बघितलं, तात्यांनीही बघितलं. 

तात्या नुसते अस्वस्थ होऊन चुळबुळ करत होते. शेवटी राहवेना तसे म्हणाले, "बाई, ती माळ ऱ्हाऊ द्या. लहान्या मापाची हाय. तुमच्या मनगटावर चढायची न्हाई, हात सोलून निघंल. ही घ्या, तुमच्या मापाची."

त्यांना चोरीचं दुःख नव्हतंच, मापाचं होतं!

पाटलीणबाईंनी शांतपणे ओच्यातली माळ काढून सतरंजीवर ठेवली आणि उलट तात्यांवरच उखडल्या, "मग मघाशीच सांगायचं की! अर्धा घंटा झाला, दडवून बसलेय!"

*

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्या डोळ्यांनी बघायच्याच नाहीत. त्यांचं सगळं ज्ञान बोटांत. "बाईचा येक हात आपल्या हातात आसला, की दुसरा हात काय करतो ते कळतं," असं त्या म्हणायच्या. मला वाटायचं, बढाया असतील.

एकदा एक बाई भरायला बसली. डावा हात सासूबाईंच्या हातात, उजवा पदराखाली. पहिलीच बांगडी कट्कन वाढली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुसरी वाढली. तिसरी वाढली. सासूबाईंनी मान वर केली नाही. "दुसरी दे गं," एवढंच मला म्हणाल्या. चोरी करणाऱ्या बाईचा हात ताठ होतो हो, लाकडासारखा. त्यावर काच टिकते कुठली?

चौथी वाढल्यावर त्या बाईचा धीर सुटला. पदराखालून सहा बांगड्या काढून तिनं पुढ्यात आपटल्या. "घ्या माय तुमचं! आता तरी भरा!"

आणि काय सांगू, पुढच्या सगळ्या बांगड्या सुरकन आत गेल्या. सासूबाई तिचा हात थोपटत म्हणाल्या, "बघ, हात चांगला हाय तुजा!"

*

मग तात्यांना वाटलं, पाठीमागचंही दिसलं पाहिजे. ह्यांनी हैदराबादेहून भला मोठा आरसा आणला. तो भिंतीवर लावला, की दुकानातली प्रत्येक बाई तात्यांना गादीवरून दिसणार, अशी योजना.

झालं उलटंच! आरसा लागल्याबरोबर निम्म्या बायका आरशापुढं. कोणी कुंकू सारखं करतंय, कोणी नथ. तात्यांना आरशात दिसायच्या फक्त आरसा बघणाऱ्या बायका. मागं काय चाललंय ते देवाला माहीत. पण बायका नटायला म्हणून यायच्या आणि बांगड्या भरून जायच्या. विक्री इतकी वाढली, की तात्यांनी तो आरसा कौतुकानं नेकनूरच्या आठवडी बाजाराला नेला.

तिथून आरसाच चोरीला गेला!

*

त्यानंतर राखणदार ठेवायचं ठरलं. निजामाच्या मुलखात राखणीला अरब ठेवायची पद्धत होती. त्यांना आम्ही चाऊस म्हणायचो. आमचा चाऊस सहा फुटी, कमरेला जंबिया म्हणजे बाकदार खंजीर, दाढी मेंदीनं लाल. मी त्याला बघून पहिल्या दिवशी आतच पळाले.

तो आला, सलाम केला, उंबऱ्याजवळ बसला आणि दुकानाकडं पाठ करून रस्त्याकडं बघायला लागला. तात्यांना वाटलं, उन्हाला तोंड देऊन बसायची सवय असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, "चाऊस, अंदर देखो ना."

चाऊस दचकलाच. दोन्ही कानांना हात लावून म्हणाला, "तौबा! औरतां बैठे सो जगे पे नजर नै डालता मैं!"

उचलणाऱ्या सगळ्या बायका आणि राखणदाराची पाठ दुकानाकडं! सासूबाई हसून हसून आडव्या झाल्या. पण तात्यांनी त्याला काढलं नाही. "लई इमानी माणूस हाय," म्हणाले. आणि खरंच, तो बसला तेव्हापासून रस्त्यावरचे टवाळ फिरकेनासे झाले. बायका निर्धास्त झाल्या. उचलायलासुद्धा!

*

मोठ्या अंमलदारांच्या घरी गोशा, म्हणजे पडदा. त्यांच्या बायका बाजारात येत नसत, मग मी टोपली घेऊन घरात जायची. अशाच एका घरी बेगमसाहेबांच्या सासूबाई होत्या, बडी बी. ऐंशीच्या पुढच्या, दात गेलेले, पण डोळे चमकणारे. माझं लक्ष चुकलं की बांगड्या उशीखाली! बेगमसाहेब मला डोळ्यांनीच खुणावायच्या, राहू दे. दुसऱ्या दिवशी त्यांची बाई रुमालात बांधून बांगड्या परत आणून द्यायची, वर मूठभर खजूर.

एकदा रुमाल सोडला, तर तीन बांगड्या आमच्या आणि सहा परक्या. तात्यांनी बघताक्षणी ओळखलं. बाजाराच्या वरच्या टोकाला दुसरे कासार होते, त्यांच्या. आणि त्यांच्याशी तात्यांचं बोलणं बंद होऊन कैक वर्षं झालेली. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

तात्यांनी टोपी घातली, त्या सहा बांगड्या घेतल्या आणि स्वतः निघाले. मला वाटलं, आज डोकी फुटणार. तासाभरानं आले ते पान खाऊन, गालातल्या गालात हसत.

"काय झालं, मामंजी?"

"काय व्हायचं? त्याच्याकडं आपल्या चार निघाल्या!"

*

आता कपिलधारचं सांगते.

कपिलधारच्या यात्रेला आम्ही पाल ठोकायचो. धबधब्याखाली नाहून बायका तशाच ओल्या हातांनी भरायला यायच्या. ओल्या हातात बांगडी अलगद जाते, त्यामुळं आम्हाला ती जागा फार आवडायची. माझं तिथलं दुसरं वर्ष होतं. गर्दीच्या कडेला माझ्याच वयाची एक बाई उभी होती, मांजरसुंब्याकडची. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. त्या काळी अशा बाईनं बांगडी मागायची नाही आणि कासारानं भरायची नाही.

तिनं हात पुढं केला, ढिगातली एक हिरवी बांगडी उचलली आणि मूठ मिटली.

मी तिचं मनगट धरलं. नियम विसरले असं म्हणणार नाही, आठवत होता. पण सुनेची नजर किती तयार आहे, ते तात्यांना दाखवायचं होतं मला!

बायका वळल्या. "काय झालं गं? काय घेतलं तिनं?" तिच्या गावच्याही होत्या त्यांत. ती माझ्याकडं बघून नुसती नको नको अशी मान हलवत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मूठ उघडली असती, तर चोरीचं कोणी बोललंच नसतं. विधवेच्या हातात हिरवी बांगडी! तिला गावात उभं राहायला जागा उरली नसती.  आता हात सोडला तरी पंचाईत, धरला तरी पंचाईत.

मागून तात्यांचा आवाज आला, रोजच्यासारखाच. "माप झालं का, सूनबाई?"

मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"माप ईचारतोय मी."

"सव्वादोन," मी म्हणाले.

तात्या बायकांना म्हणाले, "भावजयीला बांगड्या पायजेत हिला. हात सारखाच हाय दोघींचा, म्हणून माप घ्यायला लावलं." मग तिला म्हणाले, "सव्वादोनाच्या आज न्हाईत, लेकी. पुढच्या साली ये."

मी हात सोडला. ती मिटल्या मुठीनं गर्दीत गेली.

परतताना गाडीत मी बीड येईपर्यंत रडत होते. तात्या एवढंच म्हणाले, "रडू नगं. हात धरलास, पर चोर न्हाई म्हणलीस."

पुढच्या वर्षी तात्यांनी सव्वादोनाच्या हिरव्या बांगड्यांची एक माळ पालाच्या अगदी बाहेरच्या बांबूला बांधली, गाठ सैल ठेवून. "तिकडं कुणी बघायचं न्हाई," आम्हाला बजावलं. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं, दिवसभर पुटपुटत होत्या. यात्रा उठली तेव्हा माळेत एक बांगडी कमी होती. त्याच्या पुढच्या वर्षी ती माळ सासूबाईंनीच बांधली. असं चार वर्षं चाललं. दरसाल एकच बांगडी.

पाचव्या वर्षी माळ तशीच! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बघायचं नाही म्हणणारे तात्याच सारखे बांबूकडं बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "आजारी तर न्हाई ना वो पोरगी?" चोरी झाली नाही म्हणून जिवाला घोर लागलेले दुकानदार आम्हीच असू!

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना एक बाई येऊन सतरंजीवर बसली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, मागं पटकेवाला माणूस संकोचून उभा. पाट लागला होता तिचा, दुसरं लग्न. मी लगेच ओळखलं. तात्यांचे डोळे भरले होते. सरसावून त्यांनी हात पुढं केला, "ये लेकी, ये."

तिनं पदराची गाठ सोडली. आत पाच हिरव्या बांगड्या, एकही वाढलेली नाही.

"ह्याच भरा," ती म्हणाली.

तात्यांनी बांगड्या उचलल्या. पण तिनं हात त्यांच्यापुढं न करता माझ्या मांडीवर ठेवला.

"तुमी न्हाई, तात्या. वैनीला भरू द्या. पैल्यांदा माजा हात त्यांनीच धरलता."