वन्संचं डोंगरातलं तीर्थ

पुसेगावहून फोन आला तेव्हा मी शिजवलेली हळद अंगणात पसरत होते. "मामी, आई गेली," एवढंच बोलून माझ्या नणंदेचा मुलगा ज्ञानोबा रडायला लागला. आणि मी विचारलं, "कुठं गेली?" ...आता माझीच मला लाज वाटते. ऐंशीच्या पुढची बाई सकाळी सकाळी कुठं जाणार? पण वन्सं मला सांगितल्याशिवाय कुठं जात नव्हत्या, हेही खरंच.

लग्न होऊन डोंगरकड्याला आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. मॅट्रिक नापास, पण तोरा कलेक्टरचा. माहेरी आलेल्या या थोरल्या नणंदेला पहिल्याच दिवशी ऐकवलं, "आमच्याकडं बशीत चहा न्हाई पीत." आणि कपाला तोंड लावून जीभ अशी भाजून घेतली की दोन दिवस बोलता येईना. वन्सं म्हणाल्या, "बरं झालं वैनी, घराला जरा आराम पडला." तिथून आमची गट्टी जमली. पुढं त्यांनी नरसीला जाऊन माळ घातली, मटण सोडलं. मी होते तशीच राहिले. त्या मला हसायच्या, मी त्यांना.

चार वर्षांपूर्वी माझी नात प्रेरणा आम्हा दोघींना हिमाचलात घेऊन गेली. तिची नोकरी तिकडंच. सगळी दुनिया सिमल्याला फोटो काढत असते, आम्हाला तिनं पार वर, किन्नौरच्या एका खेड्यात नेलं. ती गाडीतून सामान काढत होती, तेवढ्यात आम्ही उतरलो त्या घरच्या बाईनं वाटीत पाण्यासारखं काहीतरी आणलं, बोट बुडवून देवाच्या नावानं चार थेंब उडवले आणि वाटी पुढं केली. वन्संनी पदर डोक्यावर घेतला आणि उजवा तळवा पसरला. बाई बावरली, पण ओतलं तिनं. वन्सं प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला. "गार हाय, वैनी. घे."

मला वासावरूनच कळलं. द्राक्षाची पांढरी वाईन होती ती, त्यांच्या घरची. हिरव्या सफरचंदासारखी आंबूस आणि घशाखाली उतरताना झऱ्यासारखी. सांगायला तोंड उघडलं... आणि बाहेर काय पडलं? "डोंगराचं तीर्थ हाय, वन्सं. न्हाई म्हणू न्हाई." सत्तरी ओलांडली होती, पण अक्कल त्या भाजल्या जिभेएवढीच!

प्रेरणा म्हणायची, "आज्जी, नांदेडच्या दुकानातल्या एका बाटलीच्या पैशात इथं तीन येतात, आणि चव बघ! पण या डोंगराचं नावच कुणाला माहीत नाही." दर सुट्टीला ती दोन बाटल्या आणायची. मी बाटल्यांवरचे कागद भिजवून खरवडायची आणि पुसेगावला पोचवायची. वन्सं जेवणाआधी अर्धी वाटी घ्यायच्या. "हे पिऊन काहून एवढं हसू येतं गं?" विचारायच्या. मी म्हणायची, "पुण्य चढतं." दर वेळी खरं सांगायचं ठरवून जायची आणि त्यांना हसताना बघून गप्प परत यायची.

वन्संच्या पहिल्या मासिक श्राद्धाला पुसेगावला गेले, तर ज्ञानोबा बाटली घेऊन उभा. "मामी, आईचं तीर्थ उरलंय. भजनी मंडळाला चमचा चमचा देतो, तिला बरं वाटंल."

बाहेर सगळे माळकरी टाळ जुळवत बसलेले! एकीची माळ बुडवली ती बुडवली, आता गावाची? त्याच्या बायकोला, सुनंदाला, मी स्वयंपाकघरात गाठलं.

"पोरी, ते तीर्थ न्हाई, वाईन हाय. मी फसवलं तुझ्या सासूला."

सुनंदा पुरी लाटतच राहिली. "मला ठाऊक हाय, मामी."

"तुला कुणी सांगितलं?"

"आत्याबाईनंच, तुमच्या वन्संनी. म्हणल्या, माळवाल्या माणसाला ह्यातला थेंब देऊ नको. मी म्हणलं, मंग तुमची माळ? तर म्हणल्या, माझं वैनी बघून घेईल."

मी खालीच बसले.

"उठा आता. मी ह्यांना सांगते, तीर्थ आंबलंय म्हणून. तसं खोटं बी न्हाई ते."

बाहेर भजन सुरू झालं. मी वन्संच्या खोलीत जाऊन बसले. त्यांना कधीपासून ठाऊक होतं? पहिल्या घोटापासून? मग तळवा पुढं केला तो खरा की सोंग? की मागाहून कुणाकडून कळलं आणि माझी फजिती नको म्हणून पीत राहिल्या? ...रागावल्या असतील तर हसत कशा होत्या? आणि हसत होत्या तर मला एका शब्दानं सांगितलं का नाही? पाप माझं की त्यांचं, की दोघींत अर्धं अर्धं, काही म्हणजे काही कळत नाही.

खाटेवर त्यांची वाकळ अजून अंथरलेली असते. वन्सं नेहमी काठावर बसायच्या, भिंतीला टेकायची जागा माझ्यासाठी सोडून. त्या दिवशी मी काठावर बसले. भिंतीकडं बघून म्हणाले, "वन्सं, बघून घेते मी. पण नेमकं काय बघू, ते तरी सांगून जायचं होतं..."