पिशवीतला रिमोट

आमच्याकडे टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतो, आणि ती पिशवी चुरचुरली की मला नोकरी शोधायचे दिवस आठवतात, कारण आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, शाहपुऱ्यातल्या एका ऑफिसला फोन करण्याआधी बाबांनी तोच रिमोट कानाला लावून माझी तालीम घेतली होती. बाबांनी सरकारी कंपनीत आवक-जावकच्या टेबलावर बसून जन्मभर लोकांना परत पाठवलेलं, त्यामुळे फोन उचलणाऱ्या बाईचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. "साहब मीटिंग में हैं," ते म्हणाले. मी म्हटलं, मीटिंग संपली की करते. "फिर लंच है." मग त्यानंतर करते. "फिर दौरे पर निकलेंगे." बायोडाटा मेल करू का विचारलं, तर म्हणाले, नेट बंद आहे. आठवडाभर मी एकदाही साहेबांपर्यंत पोचले नाही. आईचे पोहे मात्र हसण्याच्या नादात दोनदा करपले. शेवटी धीर करून खरा फोन लावला आणि पलीकडून "हाँ जी, बताइए" ऐकू येताच एका दमात सांगून टाकलं की मीटिंग असेल तर थांबते, लंच असेल तर नंतर करते, दौरा असेल तर सोमवारी करते. "अरे, सर यहीं बैठे हैं, कल ग्यारह बजे आ जाओ," ती बाई म्हणाली. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "पहिल्याच फोनला साहेब जागेवर? मग ते ऑफिस काही खरं नाही." मला तिथे सहा वर्षं झाली, पण कोणी विचारलं की बाबा अजून सांगतात, मुलगी सध्या एका ठिकाणी जातेय, बघू.