महाराजांना वजा करायचं नाही

माणसांशी भांडणारे लोक मी आयुष्यात पुष्कळ पाहिले. पण यंत्राशी रीतसर, मुद्देसूद आणि लेखी भांडण करणारा माणूस एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामा भांडगावचे. तिथल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत त्यांनी तीस वर्षं सचिवकी केली, आणि त्या तीस वर्षांत नोटीस काढल्याशिवाय एक सभा होऊ दिली नाही की इतिवृत्तात एक खाडाखोड होऊ दिली नाही. निवृत्त झाल्यावर हा सगळा काटेकोरपणा कुठंतरी खर्च करायला हवा होता. मी तेव्हा शिरूरला एसटी स्टँडसमोर चार कॉम्प्युटरांचा सायबर कॅफे नुकताच काढला होता. दर मंगळवारी मामा चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे येणारी एसटी धरत आणि साडेदहाला माझ्या दारात उभे राहत. खरं तर त्यांना दौंड जवळ पडलं असतं. तिथंही कॅफे होता. पण तिथल्या मालकानं दोनच आठवड्यांत मामांना हात जोडले होते, असं मला नंतर कळलं. त्याला जोडता आले. मी पडलो जावई.

मामांना एक माणूस शोधायचा होता. शिवाजी त्याचं नाव, गाव वडगाव रासाई, शाळेतला सोबती, चाळीसेक वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात कुठंतरी गेलेला. आईवडील वारले, भावांनी जमीन विकली आणि तेही पांगले. गावात विचारावं असं कुणी उरलं नाही. एवढं मामांनी सांगितलं, आणि कशासाठी शोधायचाय विचारलं तर म्हणाले की ते काम इतिवृत्तात घ्यायचं नाही. मी नाव टाइप केलं आणि पडद्यावर छत्रपतींचा दरबार भरला. किल्ले, पुतळे, पोवाडे, स्टेशन, विमानतळ, विद्यापीठ. मामांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकही पान गाळायचं नाही हा त्यांचा नियम, आणि त्या काळी एक पान उघडायला चहा पिऊन होत असे. त्यात फोनची लाइन घरात आणि कॅफेत एकच. माझ्या सासूबाईंचा फोन आला की नेट बंद पडे, आणि मामा आपल्याच बहिणीबद्दल असं काही बोलत की मी उठून बाहेर जाई.

शेवटी वैतागून मी त्यांना शोधायच्या खुणा शिकवल्या, आणि तीच माझी घोडचूक झाली. दोन्ही शब्द हवे असतील तर मध्ये मोठ्या अक्षरांत ‘अँड’ लिहायचं. जो शब्द नको त्याच्या आधी वजाचं चिन्ह. शब्द जसेच्या तसे हवेत तर अवतरणचिन्हं. एका जुन्या शोधयंत्रात ‘निअर’ म्हणून एक शब्द चाले. तो मध्ये घातला की दोन शब्द जवळजवळ असलेलीच पानं येत. मामांनी शंभर पानी वही काढली, समास सोडला आणि नियम क्रमांक एक ते अकरा लाल शाईनं उतरवले. ‘निअर’ त्यांना फार आवडला. शिवाजी निअर वडगाव. ते म्हणायचे, हे बरं हाय, गावाजवळ माणूस शोधायचा म्हंजी बरोबरच हाय.

पण शोधयंत्रं चालवणाऱ्यांना मामांच्या वहीची काय कल्पना? वर्षभरात ‘अँड’ची गरज संपली, तो आपोआप धरला जाऊ लागला. मग बारीकसारीक शब्द यंत्र परस्पर सोडून द्यायला लागलं, आणि ते हवेच असतील तर आधी अधिकचं चिन्ह द्यावं लागे. आणि एका मंगळवारी ‘निअर’ चालेनासा झाला. मामांनी तीनदा टाइप करून पाहिलं. मग वही मिटली, चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ‘निअर’ मीच काढून घरी नेला होता.

“ठराव कवा झाला?”

ठराव वगैरे होत नाही, कंपनी आपल्या मनानं बदल करते, असं मी सांगून पाहिलं. मामांनी विचारलं, नोटीस कुठं लावली होती? नोटीसही लावत नाहीत म्हटल्यावर त्यांनी तिथंच कागद मागून घेतला आणि हरकतीचं पत्र लिहिलं: सभासदांना पूर्वसूचना न देता नियम क्रमांक सात रद्द केल्याबाबत. पत्ता मागितला, तो मला ठाऊक नव्हता. पुढचे चार मंगळवार ते मला पत्ता विचारत राहिले, आणि मी चार मंगळवार त्यांना चहा पाजत राहिलो. घरी बायकोला म्हटलं, तुझ्या मामांना आवर. ती म्हणाली, माझ्या आईला नाही आवरता आले आणि मी काय आवरणार.

‘निअर’ गेल्यावर उरलं वजाचं चिन्ह. मामांनी स्टेशन वजा केलं, विमानतळ वजा केला, विद्यापीठ, पुतळा, किल्ला, तलवार, घोडा सगळं एकेक करून वजा केलं. तरी हजारो पानं उरलीच. मी म्हटलं, मामा, ‘महाराज’ हा शब्द वजा करा, एका फटक्यात काम होईल. मामांचा हात कीबोर्डवरून मागे आला.

“बाकी काय बी वजा करा पाव्हणं,” ते म्हणाले, “महाराजांना वजा करायचं न्हाई.”

मी समजावलं की हा नुसता शब्द आहे, यंत्राला सांगायची खूण आहे, यात अनादर कुठला? मामा ऐकून घेत होते, मान हलवत होते, आणि करत नव्हते. असे दोन महिने गेले. एक दिवस ते चहा प्यायला स्टँडवर गेले, माझं डोकं फिरलं होतंच, आणि मी ‘महाराज’ लिहून त्याआधी ते चिन्ह दाबून टाकलं. पानं एकदम पावणेदोनशेवर आली. मामा परतले, पडदा बघितला, वर चौकटीत लिहिलेलं वाचलं. टोपी नीट केली, वही पिशवीत घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते वढू बुद्रुकला जाऊन संभाजीराजांच्या समाधीपुढं उभे राहिले, हे मला बायकोकडून कळलं. पुढच्या मंगळवारी आल्याआल्या म्हणाले, थोरल्या महाराजांची माफी धाकल्या महाराजांकडं मागितली, तुमच्या वतीनंबी डोकं टेकवलं. आणि मग खुर्ची ओढून त्या पावणेदोनशे पानांतलं पहिलं पान वाचायला बसले.

त्यात त्यांचा शिवाजी नव्हता. शेवटचं पान संपलं त्या दुपारी वीज गेली. पंखे थांबले, बाकीची गिऱ्हाइकं उठून गेली, आणि आम्ही दोघं काळ्या पडद्यांसमोर घाम पुसत बसलो. तेव्हा मामांनी न विचारता सांगितलं. मॅट्रिकनंतर ते आणि शिवाजी शिरूरला एका खोलीत राहून नोकरीसाठी खटपट करत होते. शिवाजीनं एका कारखान्यात फिटरच्या जागेसाठी अर्ज केला होता. तो दोन दिवस वडगावला गेला असताना मुलाखतीचं पत्र आलं आणि पोस्टमननं ते मामांच्या हातात दिलं. मामा निघाले होते कबड्डीच्या सामन्याला. पत्र त्यांनी एका पुस्तकात ठेवलं आणि विसरले. सापडलं तेव्हा मुलाखत होऊन आठ दिवस झाले होते. शिवाजीला वाटलं, आपल्याला बोलावलंच नाही. महिनाभरानं तो एका ठेकेदाराबरोबर मध्य प्रदेशात गेला. मामांनी त्याला एसटीत बसवून दिलं. पत्र तेव्हाही त्यांच्या खिशात होतं.

“द्यायचंच म्हणून घेतलं होतं,” मामा म्हणाले. “गाडी हालंपतूर धीर झाला न्हाई.”

तीस वर्षं इतिवृत्तात एक खाडाखोड होऊ न देणारा माणूस हे सांगत होता. वीज आली, मशीन सुरू झाली, आणि काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, आज तुम्हीच टाइप करा, मी बघतो. तोवर नाव नेहमी मीच टाइप करायचो; मामा फक्त पुढच्या खुणा लावत. त्यांनी एका बोटानं सुरुवात केली. एस, आय, डब्ल्यू, ए, जे, मग दोनदा ई. मी म्हटलं, मामा, चुकलं. मामा म्हणाले, चुकलं न्हाई, त्यो असंच लिवतो. शाळेत मास्तरनं दाखल्यावर तसं घातलं तवापास्नं. कंपासपेटीवर बी तसंच कोरलेलं होतं. मी डोकं धरलं. दोन वर्षं, मामा, दोन वर्षं आपण शोधतोय, आधी का नाही सांगितलंत?

“तुमी विचारलं न्हाई.”

त्यांनी नावाला अवतरणचिन्हं दिली, पुढं वडगाव लिहिलं आणि बटण दाबलं. यंत्रानं आपल्या नव्या सवयीप्रमाणे विचारलं, तुम्हाला शिवाजी असं म्हणायचं आहे का? मामांनी त्याला गंभीरपणे, मोठ्यानं ‘न्हाई’ म्हणून सांगितलं. खाली एकच पान होतं. मध्य प्रदेशातल्या एका मराठी मंडळानं आपल्या सभासदांची यादी नेटवर चढवली होती. त्यात ते नाव, त्याच वेड्यावाकड्या अक्षरांत; धंदा जळालेल्या विजेच्या मोटारींची तार गुंडाळण्याचा, मूळ गाव वडगाव रासाई, आणि पुढं फोन नंबर.

मी नेट तोडलं आणि फोन त्यांच्यापुढं ठेवला. मामा उभे राहून बोलले, सभेत अहवाल वाचावा तसे. पत्र अमुक दिवशी आलं, अमुक पुस्तकात ठेवलं, अमुक दिवशी सापडलं, तुला दिलं नाही. मग पलीकडचं ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “व्हय, येतो,” आणि फोन ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाले? मामांनी सांगितलं, हसला. म्हणाला, मी त्या मुलाखतीला जाणारच नव्हतो, माझं ठेकेदाराशी आधीच ठरलं होतं, तू उगाच एवढी वर्षं घोर लावून घेतलास. मला इतकं हलकं वाटलं की मी म्हटलं, बघा मामा, म्हणजे काही बिघडलंच नव्हतं.

मामा खाली बसले. चष्मा पुसायला लागले.

“खोटं बोलतोय,” ते म्हणाले. “बोलावणं येईल म्हणून माजा सदरा मागून घेतला होता त्यानं. धुऊन, इस्त्री करून महिनाभर खुंटीला लावलेला. जाताना घडी घालून माज्या पेटीवर ठिवून गेला.”

पुढच्या मंगळवारी मामा आले नाहीत. बायको म्हणाली, ते दौंडला गाडीत बसले, मध्य प्रदेशात चाललेत; जाताना बाजारातून चांगल्यातला एक शर्टपीस घेतला आणि तो बांधून देणाऱ्याकडून दोनदा उलगडून बघितला. त्या दिवशी साडेदहाला कॅफेत एक गिऱ्हाईक आलं आणि मामांच्या खुर्चीकडे वळलं. मी त्याला शेजारच्या मशीनवर बसवलं.