टकटक श्रीपतला ऐकू येत होती

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती अंथरुणावर होती, तेव्हा एकदा अगदी ओठांवर आली होती — पण श्रीपतबद्दल तिचं मत फार चांगलं होतं, आणि माझ्याबद्दलही. दोन्हीपैकी एक मोडलं असतं. म्हणून गप्प बसलो. तुम्ही त्याला ओळखत नाही, मलाही फारसं ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

चिखलीत कापसाच्या बाजाराजवळ कडुनिंबाखाली माझं मोटरदुरुस्तीचं छप्पर होतं. तेव्हा जर्मनची दुसरी लढाई चालू होती. पेट्रोल कूपनावर, नवी मोटर नजरेसही पडेना, सुटा भाग मागवला तर मुंबईहून उत्तरसुद्धा यायचं नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या हातचे सगळे खटारे — हूड फाटलेले, सी.पी.च्या, म्हणजे मध्यप्रांताच्या, नंबरपाटीचे — माझ्या दारात. आणि माझं नाव कशाने झालं होतं, माहीत आहे? कानाने.

बाभळीची एक हातभर दांडी होती माझ्याकडे. इंजिन चालू ठेवायचं, दांडीचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला. आतलं सगळं ऐकू यायचं. कोणता वॉल्व्ह सैल, कोणतं बेअरिंग झिजलं. बाकीचे मिस्त्री अर्धं इंजिन उकलून जे सांगत, ते मी डोळे मिटून सांगायचो. लोक बघायला जमायचे. मला त्याचा माज होता — हो, माजच म्हणतो.

मग एका पावसाळ्यात हिवतापाने धरलं. क्विनीन गिळून गिळून ताप उतरला, पण कानात किटकिट सुरू झाली. रातकिडे बसल्यासारखी. म्हटलं, जाईल. गेली नाही. दांडी लावली की आधी तीच, आणि तिच्यामागून इंजिन कधी ऐकू यायचं, कधी नाही. मी कुणाला बोललो का? कसा बोलणार? दांडी लावायची, डोळे मिटायचे, आणि मोटरवाल्याच्या बोलण्यावरून अंदाज ठोकून द्यायचा. बरेचदा जमायचंही. तेच वाईट झालं.

आता श्रीपतचं सांगतो. दुसरबीडकडचे एक मोठे कास्तकार होते, आबासाहेब. त्यांनी जुनी मोटर घेतली आणि तिच्यावर श्रीपतला ठेवला. तो माळ्याच्या घरचा, बाप-आजा वांगी-मिरच्या लावणारे. घरात पहिल्यांदा कुणी चाकामागे बसला होता. नागपूर सरकारचं लायसन तो तेलकागदात गुंडाळून छातीशी ठेवायचा. आबासाहेबांनी दिलेल्या खाकी कोटाची बटणं उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावायचा. आम्ही चिडवायचो, तो हसायचा. मोटर मात्र जपायचा बिचारा — रोज सकाळी तेल बघितल्याशिवाय हँडल मारायचा नाही. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

एका बाजारच्या दिवशी तो मोटर घेऊन आला. आबासाहेब मागे बसलेले, भोवती वीस-पंचवीस माणसं. श्रीपत म्हणाला, "मिस्त्री, खालून टकटक येऊन राह्यली. जोर देला का नाही येत, पाय काढला का येते."

यापेक्षा नेमकं कोणता मिस्त्री सांगणार? पाय काढल्यावर टकटक म्हणजे खालचं बेअरिंग. मी दांडी लावली. किटकिट. फक्त माझी ती किटकिट. एकेका प्लगची तार काढून बघता आली असती — ज्या तारेला टकटक दबते, दोष तिथे. थोडं तेल काढून बोटांत चोळलं असतं तर धातूचा कीस हाताला लागला असता. थोड्या वेळाचं काम. पण लोक बघत होते. कानाचा मिस्त्री तेल चोळून बघतोय — असं कसं दिसलं असतं? आणि तेवढ्यात आबासाहेब मागून म्हणाले, याला रोज काहीतरी ऐकू येतं.

मी दांडी खाली ठेवली. म्हटलं, "टकटक मोटरीत नाही बे, तुह्या डोक्यात आहे."

सगळे हसले. श्रीपतही हसला. मोटर घेऊन गेला.

आठ दिवसांनी आबासाहेब पुतणीच्या लग्नाला पिंपळगाव राजाला निघाले, आणि घाटात पिस्टनचा रॉड तुटला. इंजिनाच्या खालच्या पेटीला भोक पाडून बाहेर आला, त्या भोकातून तेल वाटभर गळून गेलं. माणसं बचावली. पण आबासाहेब कुणाच्या तरी बैलगाडीतून पोचले, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मुलीला बाप नव्हता, कन्यादान त्यांच्या हातून व्हायचं होतं. ते दुसऱ्याच कुणी केलं.

मोटर बैलांनी ओढत माझ्या दारात आणली. मी खाली शिरलो. आबासाहेब उभे, श्रीपत जरा लांब, कोटाची बटणं लावलेलीच.

खाली चार बेअरिंगं होती. तीन तेलाने चकचकीत, बोट फिरवलं तर गुळगुळीत. एकाचा भुगा. तुम्ही मोटरीतले नसाल, म्हणून सांगतो — तेल संपलं असतं तर चारही जळून काळी पडली असती. एकच गेलं, म्हणजे ते आधीपासून झिजलेलं होतं. म्हणजे टकटक होती. श्रीपतने ऐकली, ती हीच. 

वरून आबासाहेबांचा आवाज आला, "तेल नव्हतं ना रे याच्यात?"

मला सुटायला वाट मिळाली. मी बाहेर आलो, हात पुसले आणि म्हटलं, "कोरडी चालवली यानं."

ती तीन बेअरिंगं मी चिंधीत गुंडाळून खोक्याच्या तळाशी टाकली. कुणी विचारलीच नाहीत.

आणि श्रीपत? मला वाटलं, तो भांडेल. शपथ घेईल. देवाच्यान्, तो भांडला असता तर मी कदाचित — नाही. कशाला खोटं बोलू? तेव्हाही नसतं सांगितलं. पण तो भांडलाच नाही. हळूच म्हणाला, "सकाळी तेल पाह्यलं होतं, असं मले वाटते. पण मिस्त्री म्हंतात तर नसन पाह्यलं."

माझ्या कानावर त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

आबासाहेब पोलिसांत द्यायला निघाले होते. मी मध्ये पडलो, म्हटलं, गरीब आहे, चूक झाली, सोडून द्या. म्हणजे उपकारही मीच केले. त्यांनी कोट काढून घेतला आणि त्याला हाकललं. कोरडी मोटर चालवणारा म्हणून पुन्हा कुणी त्याला चाकामागे बसवलं नाही. तो वांगी-कोथिंबीर घेऊन चिखलीच्या बाजारात बसू लागला, माझ्या छपरासमोरच. आणि दर बाजाराला माझ्या पिशवीत मेथीची एक जुडी जास्तीची घालायचा. तुमच्या शब्दाने वाचलो, म्हणायचा. मी ती भाजी घरी नेत होतो. खात होतो.

इथपर्यंत सांगून थांबलो असतो, तर तुम्ही मला थोडं तरी माफ केलं असतं. पण पुढे आहे.

पाच-सहा वर्षांनी, असाच बाजार. समोर मेहकरची सर्व्हिस मोटर उभी, उतारूंनी भरलेली, इंजिन चालू. मी श्रीपतपाशी भाजी घेत होतो. त्याचा हात एकदम थांबला. मान कलती झाली. तो अर्धा उठला — ड्रायव्हरला हाक मारायला. मग माझ्याकडे बघून खाली बसला.

"मिस्त्री," म्हणाला, "तिच्यात टकटक आहे, का मलेच वाटते?"

मी कान दिला. किटकिट. आता तर त्याशिवाय काहीच नव्हतं. म्हणायचं होतं — जा श्रीपत, सांग त्याला, तुझा कान खरा आहे, माझा मेलाय. एवढंच. लोक बघत नव्हते, आबासाहेब नव्हते, भ्यायला काही नव्हतं.

"तुलेच वाटते," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, हसला, आणि जुडी बांधायला लागला. मोटर गेली.

दिवस मावळताना ती बैलांनी ओढत आणली. माझ्याच दारात. खालचं बेअरिंग. श्रीपत तोवर टोपली उचलून गावी गेला होता.

पुढच्या बाजाराला त्याने विचारलं, मेहकरची मोटर नीट गेली ना मंग? मी म्हटलं, गेली नीट.

"पाहा," तो म्हणाला, "मह्या कानाचं काही खरं नाही."

त्यानंतर मोटर आली की तो मान खाली घालून बसायचा. गेल्या पौषात तो वारला. ती तीन बेअरिंगं अजून खोक्यात आहेत. त्याचा कान खरा होता, दोन्ही वेळा, आणि हे त्याला सांगू शकणारा माणूस दर बाजाराला त्याच्यासमोर उभा राहून मेथी घेत होता.