कॅसेटमधलं वावर

२००२ च्या डिसेंबरात, सकाळी साडेआठच्या सुमारास, माझे वडील हिंगोलीत माझ्या घरी वारले. उशाशी टेपरेकॉर्डर होता.

काचबिंदूनं त्यांची दृष्टी आधीच गेली होती. त्यात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि सेनगावकडच्या आमच्या गावाहून त्यांना जीपमध्ये आडवं घालून आणावं लागलं. आई सोबत आली. वावर धाकट्या भावाकडे राहिलं. निघताना वडिलांनी त्याला बजावलं होतं, "ज्वारी मोडू नको. कडबा न्हाई तर बैल खातील काय?"

पुढच्या पेरणीला भावानं सोयाबीन पेरलं. बैल विकले. ज्वारी उभी आहे, असं मी वडिलांना सांगत राहिलो.

ऑक्टोबरात त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. "वावरात न्या," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी हलवायला मनाई केली होती. मी पेपरात वार्ताहर होतो; मुलाखतींसाठी घेतलेला रेकॉर्डर घेऊन गावी गेलो आणि बांधावर बसून कॅसेटची एक बाजू भरून आणली.

घरी येऊन टेप लावला. आधी ओढ्याचं पाणी, मग तित्तराची हाक. वडिलांनी हात वर केला.

"बाभळीखालून बोलून राहिला," ते आईला म्हणाले. "ऐकू आला का तुला?"

"व्हय, आला की. मी काय बहिरी हाय?"

ते हसले. पुढे उन्हं वर आल्यावर वारा सुटला होता. निदान मला तो वाराच वाटला होता.

"थांबव," वडील म्हणाले. "ह्या वाळल्या शेंगा खुळखुळून राहिल्या. सोयाबीन हाय. ज्वारी अशी वाजत न्हाई."

मी टेप बंद केला.

"काहून खोटं बोलला रे? पेपरात बी असंच लिहितो काय?"

मी कॅसेट काढू लागलो.

"मंग बैल?" त्यांनी विचारलं.

"इकले," आई म्हणाली.

दोन दिवस त्यांनी टेप लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "ते लाव. तित्तरापोहोतरच. मंग बंद कर."

तेव्हापासून रोज सकाळी आई टेप लावायची. ते ऐकत अर्धी भाकर खायचे. वाऱ्याच्या आधी ती बटण दाबायची. दीड महिना एकदाही चुकली नाही.

डिसेंबरातल्या त्या सकाळी टेप लावल्यावर नळ आला. आई पाणी भरायला बाहेर गेली. ती परतली तेव्हा भाकर ताटात तशीच होती. कॅसेट शेवटपर्यंत वाजून बटण वर आलं होतं.