करीच्या दिवशी पोळा

तमाम भाऊबंद, सोयरेधायरे आणि ग्रामस्थ मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन करीला, आमच्या घरी पोळा झाला. त्याची परवानगी कोणी दिली नव्हती. बैलाने मागितलीही नव्हती.

आमची सून तमिळ. पहिल्या सणाला तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, आठवडाभर राहायला आल्या. घाटनांदूरला रेल्वेतून उतरल्या त्या पितळेचं पातेलं लेकरासारखं कडेवर घेऊनच. त्यांना मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हती. त्यामुळे आमचं फार छान जमलं.

संक्रांतीला त्यांनी अंगणात चूल मांडून गुळाचा भात शिजवला. दूध उतू गेलं तशा आनंदाने ओरडल्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मंग काय! आपण येळवशीच्या आवसंला रानात उतू घालतो, त्या अंगणात घालत्यात. लई बेस हाय." इथवर दोन्ही घरं एक होती.

भानगड झाली करीची. आमच्याकडे करीला चांगल्या कामाला हात लावायचा नाही, भोगीची शिळी भाकरी खायची आणि बायकांनी शेणात हात घालायचा नाही. त्यांच्याकडे नेमका तोच दिवस गुरांच्या पूजेचा. एरवी उजाडताच मी गोठ्यात असते. त्या दिवशी नव्हते. म्हणून विहीणबाई आत गेल्या ते कोणालाच दिसलं नाही.

आणि गोठ्यात होता आमचा मारका बैल. पेरणीच्या वेळी त्याने आमच्या ह्यांना शिंगावर घेऊन बांधावर फेकलं होतं. मांडीला टाके पडले. हे अजून काठी टेकत चालत होते आणि त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधत होते.

"अम्मा कुठाय?" म्हणत सून मागच्या दारी गेली ती तिथेच थिजली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. रेशमी साडीतल्या विहीणबाई बैलाच्या अगदी पुढ्यात उभ्या राहून त्याचं शिंग लाल रंगवत होत्या. दुसरं रंगवून झालं होतं. त्याच्या फुत्काराने त्यांचा पदर हलत होता.

सून किंचाळणार तोच मी तिचं तोंड दाबलं. हे आले, पाहिलं आणि पांढरेफटक पडले. "हाक मारू नका," हे कुजबुजले. "दचकला तर खलास."

आतून सासूबाई ओरडल्या, "करीच्या दिशी गोठ्याकडं कावून गेलात गं?"

"श्शऽऽ!" आम्ही तिघं.

सुनेचे दात माझ्या तळहातात रुतत होते. हिच्या आईला माझ्या घरात काही झालं, तर या पोरीला मी तोंड कसं दाखवू?

विहीणबाईंनी खुंटीवरची घुंगुरमाळ काढून त्याच्या गळ्यात घातली. माळ खणखणली, बैलाने मान ताठ केली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा कासरा विहीणबाईंच्या हातात होता आणि बैल चालू लागला होता. ती माळ वर्षातून एकदाच निघते. शिंगं रंगली, माळ वाजली. त्याच्या लेखी पोळा उजाडला! पोळ्याला तो मारुतीला जातो, पाराला फेरी घालतो, दारात येतो आणि पुरणपोळी खाल्ल्याशिवाय हलत नाही. एका वर्षी पोळी यायला उशीर झाला, तर गड्याने दाराची चौकट शिंगाने उचकटली होती.

करीमुळे गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुढे विहीणबाई त्याच्याशी तमिळमध्ये गप्पा मारत, मागे आम्ही श्वास रोखून. मारुतीपुढे थांबून झालं, पाराला फेरी झाली. बैल आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या आणि दाराच्या मधोमध विहीणबाई.

त्याने खूर आपटला. थांबला. पुन्हा आपटला.

"पोळी!" हे दबक्या आवाजात म्हणाले. "पोळी आणा कुणीतरी!"

"करीला पुरण कुठलं?" सासूबाई उंबऱ्याच्या आतून म्हणाल्या. "शिळी भाकर हाय!"

सून मागच्या दाराने धावली आणि आदल्या दिवशीच्या गुळाच्या भाताचं पातेलं माझ्या हातात देऊन गेली. मी वाकले. ओलं लाल शिंग माझ्या दंडाला घासून गेलं. रंग होता की रक्त, बघायची हिंमत झाली नाही. पातेलं खाली ठेवलं नि मागे सरले.

बैलाने वास घेतला. मग तोंड घातलं.

विहीणबाई त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. सून भिंतीला टेकून हमसून हमसून रडू लागली, तर सणासुदीचं रडायला काय झालं हे त्यांना कळेना. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले.

आमचे हे काठीवर वाकले होते. पातेलं चाटणाऱ्या बैलाकडे बघत, मांडी चोळत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "आरं बेइमाना! मला टाके, अन् विहीणबाईंसंग मारुतीचं दर्शन?"