दुखायचं थांबलं तेव्हा

पोट दुखायचं थांबलं, असं माझी रूममेट रविवारी सकाळी आठला म्हणाली आणि मी देवाला हात जोडले. खरं सांगते, तिच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त. दहाला पेपर होता.

लातुरात तेव्हा क्लासेसचं नुसतं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत बोर्ड, घराघरात भाड्यानं राहणाऱ्या पोरी. मी अर्धापूरची, ती रेणापूरजवळच्या खेड्यातली. एका टेलरच्या घरी माडीवरच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. टेलरची बायको आमची घरमालकीण, तिला आम्ही खाला म्हणायचो आणि टेलरला चाचा. क्लासमध्ये दर रविवारी पेपर आणि मार्कांवरून बॅच. पहिल्या बॅचला चांगले सर, बाकीच्यांना उरलेसुरले. एक पेपर बुडला की खालच्या बॅचमध्ये रवानगी. आम्ही दोघी पहिल्या बॅचमध्ये होतो, आणि तिथून खाली आलो तर गावाकडं तोंड दाखवायला जागा नाही, असं आम्हाला वाटायचं. सतराव्या वर्षी अक्कल ती किती असणार!

तिचं दुखणं शुक्रवारी सुरू झालं. बेंबीभोवती दुखायचं, दोनदा उलटी झाली. मी लगेच डॉक्टरीणबाई झाले. बायोलॉजीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं, पचनसंस्थेची आकृती मी डोळे मिटून काढायचे. अपेंडिक्स कुठं असतं? उजवीकडं, खाली. मी तिथं बोट दाबलं.

"इथं दुखतंय का?"

"न्हाई. मधी दुखतंय."

झालं! अपेंडिक्स नाही. ॲसिडिटी आहे, टेन्शनची, असा निकाल मी देऊन टाकला. मेडिकलवरून ॲसिडिटीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या आणल्या. शनिवारी दुखणं उजवीकडं सरकलं, हे मला नंतर कळलं. ती बोलली नाही आणि मीही परत विचारलं नाही. ती पोट धरून गादीवर लोळत होती, मी शेजारी बसून प्रश्न सोडवत होते. खाला दोनदा वर येऊन गेली. "दवाखान्यात जायचं का गं?" आम्ही दोघींनी एकदमच नको म्हटलं. दवाखाना म्हणजे सलाईन, सलाईन म्हणजे पेपर गेला.

तर रविवारी सकाळी तिचं दुखायचं थांबलं. मी वेणी घालत होते. खाला चहा घेऊन वर आली आणि कप खाली ठेवायचं सोडून दारातच उभी राहिली.

"कवापासून गप हाय ही?"

"सकाळपासून. बरं वाटतंय तिला."

"काल लोळत होती. आज कूस बी बदलंना?"

खाला तिच्याजवळ बसली. कपाळाला हात लावला, मग नाकाच्या शेंड्याला, मग पायाच्या बोटांना. उठताना तिचा गुडघा गादीला जरासा लागला. एवढ्याशा धक्क्यानं पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोंडातून आवाज निघाला नाही.

"चाचाला सांग, रिक्षा आन म्हनावं. आत्ता."

माझं डोकंच फिरलं. दोन दिवस ओरडत होती तेव्हा काही नाही, आणि आता थांबलंय तर रिक्षा! "खाला, उगाच घाबरवू नका. आम्ही हे सगळं शिकलोय. दुखणं थांबलं म्हणजे कमी झालंय." गादीवरून ती पण म्हणाली, "खाला, पेपर हाय ओ." आवाज इतका बारीक की मलाही जरा कसंतरी झालं.

खालानं वाद घातला नाही. जिन्यात जाऊन तिनंच खाली हाक मारली, बुरखा चढवला आणि मला म्हणाली, "तू बी चल. दोन दिस तूच जवळ होतीस. डाक्टरला मी काय सांगू?"

मला जायचं नव्हतं. कंपासपेटी हातातच होती. गेले, पण मनातल्या मनात खालाला नको नको ते बोलत गेले. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

रिक्षात ती आमच्या दोघींच्या मांडीवर आडवी. रस्त्यात खड्डा आला की खाला रिक्षावाल्यावर खेकसायची, "हळू रे बाबा, हळू!" मी घड्याळ बघत होते. खालाच्या ते लक्षात आलं असणार.

"भूकंपात खेड्यांवरनं जखमी आनले ना, तवा आमच्या गल्लीतल्या बाया दवाखान्यात पानी द्यायला जायच्या," ती म्हणाली. "एक मानूस भिंतीला टेकून बसला होता. रक्त न्हाई, काय न्हाई. म्हनला, माजं काय न्हाई, पोराला बघा. चहा द्या म्हनला. मी दिला. जे वरडत होते त्यांच्याकडं पळत गेले. कप न्यायला आले तर मानूस संपलेला." तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला. "बोल गे बेटी. वरड. शिव्या दे मला."

पोरगी बोलली नाही. तेव्हा घड्याळ बघायचं मी विसरले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि नर्सला काहीतरी भराभरा सांगितलं. मग आमच्याकडं वळून विचारलं, "कधीपासून दुखतंय? काय औषध दिलं?"

खालानं माझ्याकडं बघितलं. सांगावं तर आपल्या गळ्याशी येणार! एक क्षण, देवाशपथ, मी "काही नाही" म्हणणार होते. मग सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, बेंबी, उलटी, गोळ्या किती आणि कोणत्या. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीपाशीच सुरू होतं. ते फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं आणि तिथंच माणसं फसतात. हे आमच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी तिला ऑपरेशनला आत घेतलं.

दहा वाजून गेले, अकरा वाजले. खाला भिंतीशी उभी राहून ओठातल्या ओठात दुवा मागत होती. मी रडत होते. ती मेली तर मी मारली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

चाचांनी गावाकडं फोन केला होता. तिचे वडील आले ते रानातल्या चिखलाच्या चपलांनीच, आणि ते येतात न येतात तोच डॉक्टर बाहेर आले. "वाचली. आणखी दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं. कुणी आणलं हिला?"

वडिलांनी आम्हा दोघींकडं बघितलं. एकीकडं चष्मा, दोन वेण्या, हातात कंपासपेटी. दुसरीकडं बुरख्यातली बाई, ओढणीनं डोळे पुसणारी. त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. ते माझ्याकडं आले आणि बापाच्या वयाच्या त्या माणसानं मला हात जोडले.

"पोरी, तू शिकलेली व्हतीस म्हून माझी लेक वाचली. तुला कळलं."

मी खालाकडं बघितलं. तिचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. पोरगी जगली, तिला तेवढं पुरे होतं. ती डॉक्टरांना विचारत होती की आत जाऊन बघता येईल का.

नाही, मला नाही, हिला कळलं. पाच शब्द. तोंड उघडलंही होतं मी.

बाकावर एकाचीच जागा रिकामी होती. वडिलांनी उपरण्यानं ती पुसली आणि म्हणाले, "बस पोरी, सकाळपासनं उभी असशील."

खाला उभीच होती. मी बसले.